उपनगरात हरणं फार झाली, आता काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षी अंगणात हरीण दिसलं की आपण धावत जाऊन फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. तिसऱ्या वर्षी त्याच हरणाच्या मागे चप्पल घेऊन धावतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांतून आलेले हे प्रश्न आहेत. आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपालिकेच्या, हरीण समितीवर मी काही वर्षं बसलो, तिथे हेच प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने विचारले जायचे. खाली जिथे जिथे ‘हरीण’ म्हटलंय, तिथे व्हाइट-टेल्ड डिअर, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण समजावं.

हरणं ‘फार’ झाली, हे ठरवायचं कुणी?

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे माणसांची सहनशक्ती. कुणाला पाच हरणं म्हणजे शोभा वाटते, तर कुणाला एक हरीण म्हणजे ट्युलिपचा सत्यानाश. दुसरी गोष्ट म्हणजे जंगलाची सहनशक्ती. ती मोजता येते, म्हणून वाद घालायचाच असेल तर तिच्यावर घालावा.

जवळच्या झाडीत जाऊन उभे राहा. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीपर्यंत कुणीतरी कात्री चालवल्यासारखी हिरवाई नाहीशी झालेली असेल आणि त्याच्यावर मात्र पानं असतील, तर ती रेघ हरणाच्या मानेने आखलेली आहे. मग खाली बघा. ओकची, मेपलची गुडघाभर उंचीची रोपं आहेत का? मोठी झाडं उभी आहेत पण त्यांच्या पोटी एकही रोप नाही, असं जंगल दिसायला हिरवंगार असतं आणि आतून म्हातारं झालेलं असतं. ट्रिलियमसारखी रानफुलं तर सगळ्यात आधी जातात. उरतात ती हरणांना न आवडणारी नेची आणि बाहेरून आलेली काटेरी झुडपं.

पेनसिल्व्हेनियातल्या एका गाजलेल्या प्रयोगात चौरस किलोमीटरला साधारण 8 हरणांच्या वर संख्या गेली की मधल्या उंचीवर घरटी करणारे पक्षी कमी होताना दिसले. पूर्वेकडच्या अनेक उपनगरांत घनता याच्या कितीतरी पट आहे.

पुरावा हवाच असेल तर स्वस्त उपाय आहे: झाडीत दहा बाय दहा मीटरचा तुकडा उंच जाळीने बंदिस्त करा आणि तीन वर्षं थांबा. आत काय उगवलं आणि बाहेर काय उगवलं हे शेजाऱ्याला नेऊन दाखवा. आमच्याकडे सभेतल्या शंभर भाषणांनी जे झालं नाही ते त्या एका चौकोनाने केलं.

पण एवढी आली कुठून? आपणच त्यांच्या जंगलात घरं बांधली ना?

हे वाक्य प्रत्येक सभेत येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. 1900 च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे अख्ख्या अमेरिकेत ही हरणं काही लाखच उरली होती. अनेक राज्यांत तर दिसेनाशी झाली होती. त्याच वर्षी लेसी कायदा आला, शिकारीच्या मांसाच्या आंतरराज्य व्यापाराला लगाम बसला, पुढे राज्यांनी शिकारीवर बंधनं घातली आणि ठिकठिकाणी हरणं आणून सोडली. आज त्यांची संख्या साधारण 3 कोटी मानली जाते.

म्हणजे आपण जंगलात घुसलो आणि हरणं बिचारी अडकली, असं झालेलं नाही. आपण त्यांच्यासाठी पंगत मांडली. दाट जंगलापेक्षा या हरणाला जंगलाची कड जास्त मानवते: इकडे लपायला झाडी, तिकडे चरायला मोकळी जागा. उपनगर म्हणजे सगळी कडच. त्यात खत घातलेली हिरवळ, पाणी दिलेली झुडपं, लांडगे आणि कूगर केव्हाच संपलेले, आणि घरांजवळ बंदूक चालवायला मनाई. पोटभर जेवण मिळणारी मादी वर्षाला बहुधा दोन पाडसं देते.

निसर्ग स्वतःच तोल सांभाळेल ना?

मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाची कुंपण घातलेली जागा आहे. 1928 मध्ये तिथे 6 हरणं सोडली, 2 नर आणि 4 माद्या. सहा वर्षांच्या आत मोजणी केली तेव्हा साधारण 160 निघाली. गोष्ट एवढीच आहे.

उपासमारीने संख्या थांबते हे खरं, पण त्याआधी जंगलाचा खालचा थर संपलेला असतो. उपनगरात तर तेवढीही वेळ येत नाही, कारण कडाक्याच्या फेब्रुवारीतही कुणाच्या तरी दारात आर्बरव्हिटीची हिरवी भिंत उभी असते. कोयोटी (लांडग्याहून लहान रानकुत्रे) पाडसं उचलतात, धडधाकट मोठ्या हरणाच्या वाटेला मात्र क्वचित जातात.

मोजणी न करता सुरुवात केली तर काय बिघडतं?

मोजणी हा कंटाळवाणा विषय आहे आणि म्हणूनच ती टाळली जाते. मग तीन वर्षांनी ‘पैसे खर्च करून काय झालं?’ असा प्रश्न येतो आणि उत्तर देता येत नाही. रात्री ठरलेल्या रस्त्यांवरून दिवा मारून मोजणं, उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन, झाडांना बांधलेले कॅमेरे, यांपैकी काहीही चालेल. दरवर्षी तीच पद्धत, तेच रस्ते, तोच महिना असणं आकड्याच्या अचूकपणाहून महत्त्वाचं. सोबत रस्त्यावर मेलेल्या हरणांची नोंद ठेवा, ती बहुतेक टाउनशिपकडे आधीपासून असते.

आणि मोजताना माद्या वेगळ्या मोजा. सभेत सगळे त्या मोठ्या शिंगांच्या नराबद्दल बोलतात. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. नर निम्मे झाले तरी पुढच्या जूनमध्ये पाडसं तितकीच असतात. हरणांचं सगळं गणित माद्यांच्या हातात आहे. पुढची सगळी उत्तरं या एका वाक्यावर उभी आहेत.

पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?

पकडताना आणि नेताना बसणाऱ्या धक्क्याने बरीच हरणं मरतात, त्यांचे स्नायूच निकामी होतात. वाचलेली अनोळखी जागी गाडीखाली किंवा भक्षकांच्या तोंडी जातात. रोगही सोबत जातो. शिवाय घेणार कोण? शेजारच्या काउंटीलाही हीच डोकेदुखी आहे. बहुतेक राज्यं याला परवानगी देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

नसबंदी किंवा गर्भनिरोधक लस का नको? जीव तरी जाणार नाही.

हा प्रश्न आपल्या घरांतून सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

लशी दोन प्रकारच्या आहेत. पीझेडपी ही डुकराच्या अंडाशयातल्या प्रथिनांपासून बनते. ती टोचली की मादीचं शरीर स्वतःच्याच बीजाच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि गर्भधारणा होत नाही. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर 1993 पासून तिचे प्रयोग झाले, आणि 2014 मध्ये हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावाने ती उघड्या उपनगरात वापरून पाहिली. गोनाकॉन ही दुसरी लस, माद्यांसाठी 2009 मध्ये नोंदली गेली. ती हार्मोनच थांबवते. दोन्हींत अडचण सारखीच: परिणाम कायमचा नाही, पुन्हा टोचावी लागते, आणि एकदा लशीचा बाण खाल्लेली मादी दुसऱ्यांदा माणसाला जवळ येऊ देत नाही.

शस्त्रक्रियेची गोष्ट आणखी बोधक आहे. कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या परिसरातल्या माद्यांच्या गर्भनलिका बांधल्या. पाडसं कमी झाली, पण हरणं कमी झाली नाहीत. कारण नलिका बांधलेली मादी गाभण राहत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा माजावर येते, आणि तिच्या वासावर आजूबाजूचे नर गोळा होतात! शेजारच्या केयुगा हाइट्स गावात मग अंडाशयच काढण्याचा मार्ग घेतला. न्यूयॉर्क शहराने स्टेटन आयलंडवर 2016 पासून उलटं केलं, नरांची नसबंदी. तिथे शेकडो नर पकडावे लागले. संख्या घटली, पण हळूहळू, आणि ते बेट आहे हे विसरू नये. बेटावर बाहेरून येणाऱ्यांना पाणी ओलांडावं लागतं (तरी काही पोहून येतातच).

मुद्दा असा की नसबंदी केलेलं हरीण झुडपं खातच राहतं, रस्ता ओलांडतच राहतं. उपनगरातली मादी दहा वर्षंही जगते. संख्या उतरायची तर दहापैकी सात ते नऊ माद्या वांझ राहाव्या लागतात, आणि तेही वर्षानुवर्षं. बंदिस्त जागा, बेट किंवा आधीच कमी केलेली संख्या टिकवणं, इथे हा उपाय चांगला आहे. चारही बाजूंनी उघड्या उपनगरात पहिला उपाय म्हणून तो मला पटत नाही.

मग मारणं हाच उपाय?

बहुतेक ठिकाणी संख्या खरोखर खाली आणलेला उपाय तोच आहे. त्याचे दोन प्रकार, आणि दोन्ही एकच समजून भांडू नका.

पहिला, नियंत्रित धनुर्धारी शिकार. नेमबाजीची परीक्षा घेतलेले स्थानिक शिकारी झाडावरच्या मचाणातून खाली बाण मारतात, म्हणजे चुकलेला बाण जमिनीत घुसतो. पिट्सबर्गने 2023 मध्ये आपल्या दोन उद्यानांत हे सुरू केलं. खर्च जवळजवळ नाही. मर्यादा ही की शिकाऱ्याचा जीव शिंगांत असतो. म्हणून शहाणी गावं नियम करतात: आधी मादी मारा, मग नराची परवानगी मिळवा. पहिली दोन वर्षं आकडे छान येतात. नंतर हरणं शहाणी होतात आणि शिकारी कंटाळतात.

दुसरा प्रकार, नेमलेले शार्पशूटर. हिवाळ्यात मका टाकून जागा ठरवायची, उद्यान बंद करायचं, आणि रात्री आवाज दाबलेल्या बंदुकीने, मागे मातीचा उतार आहे याची खात्री करून मारायचं. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमध्ये 2013 पासून हे चालू आहे, मांस गरजूंच्या अन्नछत्रांना जातं. यात एका रात्रीत अख्खं मादी-कुटुंब काढता येतं, आणि त्याला कारण आहे. मुली आईच्या आसपासच राहतात, नर पाडसं मात्र वर्ष-दीड वर्षाची झाली की काही किलोमीटर लांब निघून जातात. त्यामुळे एका भागातल्या आजी-आई-मुली काढल्या तर ती जागा काही काळ मोकळी राहते. इकडून एक, तिकडून एक मारलं तर दुसऱ्या वर्षी फरकच दिसत नाही, उलट उरलेल्यांना जास्त खायला मिळून पाडसं वाढतात.

दोन्हींसाठी राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी लागते. इथे हरीण टाउनशिपच्या मालकीचं नसतं, राज्याने जनतेच्या वतीने सांभाळलेलं असतं. आणि एकदा सुरू केलं की दरवर्षी करावं लागतं. ‘एकदाच काय ते करून टाका’ म्हणणाऱ्या नगरसेवकाला जॉर्ज रिझर्व्हचे ते 6 आणि 160 आकडे लिहून द्या.

आमच्या घरात मुंगीसुद्धा मारत नाहीत. आम्ही याला हात वर कसा करायचा?

करू नका. मीही पहिल्या ठरावाला विरोधात मत दिलं होतं. पण नंतर एका जानेवारीत रस्त्याकडेला मागचे दोन्ही पाय मोडलेली मादी पोलिस येईपर्यंत चाळीस मिनिटं तशीच पडलेली पाहिली, आणि ‘काही न करणं म्हणजे अहिंसा’ हा माझा समज गेला. काही न करण्यातही हरणं मरतात, फक्त गाडीखाली, रोगाने आणि उपाशी. त्यासोबत जंगलातला लहानसहान जीव मरतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही. तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. मतदानाच्या दिवशी सभेला मात्र या. न येणाऱ्यांचा निर्णय दुसरेच घेतात.

हरणं गेली की लाइम रोग जाईल का?

सरळ ‘हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ‘नाही’ म्हणणाऱ्यावरही नको.

लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा रोग. त्याचा जिवाणू हरणात वाढत नाही. काळ्या पायांची गोचीड तो उचलते ती मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरावरून. हरीण मोठ्या गोचिडीला शेवटचं जेवण देतं. त्याच्या अंगावर नर-मादी भेटतात, मादी रक्त पिऊन फुगते, खाली पडते आणि हजार-दोन हजार अंडी घालते. म्हणजे उंदीर रोगाचं कोठार आणि हरीण गोचिडीचं बाळंतघर.

मेन राज्यातल्या मोन्हेगन बेटावरून 1990 च्या दशकाच्या शेवटी सगळी हरणं काढली, आणि काही वर्षांत या गोचिडी तिथे जवळजवळ दिसेनाशा झाल्या. पण ते बेट, आणि तिथे हरीण शून्य. उघड्या मुख्य भूमीवर हरणं थोडी कमी करून रोग घटल्याचे पुरावे डळमळीत आहेत, कारण उरलेल्या हरणांवर गोचिडी फक्त दाटीने बसतात. लाइम हे हरणं कमी करण्याचं एकमेव कारण म्हणून पुढे केलं तर पाच वर्षांनी तोंडघशी पडाल.

तोवर स्वतःचं बघा. सगळ्यात धोकादायक ती गोचिडीची मे ते जुलैमधली पिल्लावस्था, खसखशीच्या दाण्याएवढी. बागकाम करून आलात की कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. धुण्याने त्या मरतीलच असं नाही. गुडघ्यामागे, कानामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीपेटी, नेलपॉलिश हे प्रकार नकोत. जिवाणू अंगात शिरायला सहसा 24 तासांहून जास्त लागतात, म्हणून रोजची तपासणी हेच खरं औषध. नंतरच्या महिन्याभरात वाढत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचिडीबद्दल आपणहून सांगा. हिरवळ आणि झाडी यांच्यामध्ये लाकडाच्या चिपांचा मीटरभर रुंद पट्टा टाकला तर गोचिडी अंगणात कमी येतात.

थंडीत बिचारी उपाशी दिसतात. भाकरीतुकडा, मका टाकला तर?

टाकू नका. हिवाळ्यात त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव काड्या आणि कळ्या पचवण्यासाठी तयार झालेले असतात. त्यावर अचानक टोपलीभर मका पडला की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं. शिवाय एका जागी तोंडाला तोंड लागून रोग पसरतात. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग 1967 मध्ये कोलोराडोत प्रथम दिसला, आता तो 30 हून अधिक राज्यांत पोहोचला आहे. त्याची प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यावर इलाज नाही. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा अधिकृत सल्ला आहे. अनेक ठिकाणी हरणांना खायला घालणं बेकायदेशीर आहे ते यासाठीच.

बाग वाचवायला काय लावावं?

होस्टा, ट्युलिप, यू आणि आर्बरव्हिटी लावलीत तर ते हरणांचं ताट वाढणं झालं. डॅफोडिल विषारी असल्याने त्याला तोंड लावत नाहीत. लॅव्हेंडर, रोजमेरी, सेज अशा उग्र वासाच्या आणि लवदार पानांच्या वनस्पती बहुधा सुटतात. ‘बहुधा’ म्हणालो. भुकेलं हरीण यादी वाचत नाही.

सडक्या अंड्यांच्या वासाचे फवारे काम करतात, पण पावसानंतर आणि नवीन कोंब फुटल्यावर पुन्हा मारावे लागतात. एकच फवारा वर्षभर वापरलात तर सरावतात, आलटून पालटून वापरा. साबणाच्या वड्या आणि केसांच्या पुरचुंड्या यांचं कौतुक ऐकून मीही टांगल्या होत्या. हरणांनी त्यांच्याखाली उभं राहून होस्टा खाल्ला.

खात्रीचा उपाय एकच, कुंपण. उडी अडवायला 8 फूट, म्हणजे साधारण 2.4 मीटर उंची लागते. तेवढ्याची परवानगी नसेल तर चार-पाच फुटांच्या अंतराने दोन बुटकी कुंपणं घाला. हरीण उंच उडतं, लांब उडतं, पण दोन्ही एकदम करायला कचरतं. छोट्या भाजीच्या वाफ्याला बुटकं कुंपणही चालतं, आत उतरायला जागा दिसत नाही म्हणून. कोवळ्या झाडांच्या बुंध्यांना शरद ऋतूत जाळी गुंडाळा, नर शिंगं घासून साल सोलतात. हे सगळं तुमची बाग वाचवेल, गावातलं एक हरीणही कमी करणार नाही; ते शेजाऱ्याकडे जाईल.

गाडीसमोर आलं तर?

ब्रेक दाबा, गाडी सरळ ठेवा. हरीण चुकवायला वळवलेली गाडी झाडावर किंवा समोरच्या गाडीवर जाते, आणि माणसं त्यात जास्त मरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा माजाचा काळ, त्यातही पहाट आणि तिन्हीसांजा. एक ओलांडून गेलं म्हणजे संपलं नाही, मागे दोन-तीन असतातच. बंपरला लावायच्या शिट्ट्यांवर पैसे घालवू नका. विमा घेताना लक्षात ठेवा, हरणाची टक्कर ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’मध्ये बसते, ‘कोलिजन’मध्ये नाही.

अंगणात पाडस एकटंच पडलंय, हलत नाही. आई सोडून गेली का?

नाही. मे-जूनमध्ये मादी पाडसाला गवतात ठेवून दिवसभर दूर चरते, म्हणजे तिच्या वासाने कुणी पाडसापर्यंत पोहोचू नये. त्याला स्वतःचा वास फारसा नसतो, अंगावर ठिपके असतात आणि निपचित पडून राहणं हेच त्याचं संरक्षण. उचलू नका, दूध पाजू नका, मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्या. गवत कापायचं असेल तर उद्या कापा. संध्याकाळी खिडकीचा दिवा बंद करून बघत बसलात तर ती येताना दिसेल. मात्र पाडस सतत ओरडत फिरत असेल, अंगावर माश्या बसल्या असतील किंवा जवळ आई मेलेली दिसली, तर राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा.